शेतीबाहेरची वाट शेतातूनच जाते

कर्जमाफीची मागणी पुढे आली, कांद्याचे भाव कोसळले किंवा राष्ट्रीय उत्पन्नाचे नवे आकडे जाहीर झाले की आपल्याकडे एक जुना वाद नव्याने पेटतो. एका बाजूचे म्हणणे असे की देशातले सुमारे ४६ टक्के कामकरी लोक शेतीत आहेत आणि देशाच्या उत्पन्नात शेतीचा वाटा १८ टक्क्यांच्या आसपास आहे. अशा क्षेत्रावर पैसा खर्च करणे म्हणजे गरिबी जोपासणे, तेव्हा माणसे शेतीतून बाहेर काढा आणि कारखान्यांकडे वळवा. दुसरी बाजू उत्तर देते की शेतकरी अन्नदाता आहे, शेती ही आपली संस्कृती आहे आणि शेतकऱ्याला विसरणाऱ्या देशाचे भले होत नाही. पहिल्या बाजूकडे आकडे आहेत, पण शेतातला माणूस कारखान्यापर्यंत पोचणार कसा याचे उत्तर तिच्याकडे नाही. दुसऱ्या बाजूकडे कळकळ आहे, पण सव्वातीन एकर कोरडवाहूवर पाच माणसांचे कुटुंब कसे जगणार हे ती सांगत नाही. माझे मत असे आहे की शेतीवरचा माणसांचा भार कमी झालाच पाहिजे, आणि तो कमी होण्याचा खात्रीचा मार्ग आधी शेतीची उत्पादकता आणि शेतकऱ्याच्या हातातला पैसा वाढवण्यातून जातो. शेतीची भरभराट आणि शेतीतून बाहेर पडणे या गोष्टी आपण एकमेकींविरुद्ध उभ्या केल्या आहेत. प्रत्यक्षात त्या एकाच प्रवासाचे दोन टप्पे आहेत, आणि पहिला टप्पा गाळण्याची किंमत या देशाने एकदा मोजलेली आहे.

विरोधी बाजूची सर्वांत भक्कम मांडणी शंभराहून अधिक वर्षांपूर्वी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी करून ठेवली आहे. शेतजमिनीचे तुकडे पडत चालले आहेत, ते एकत्र करा, अशी चर्चा त्या काळी जोरात होती. १९१८ साली लिहिलेल्या निबंधात त्यांनी दाखवून दिले की शेत लहान की मोठे हे एकरांवर ठरत नसते. त्यावर राबणारे हात आणि त्यात गुंतलेले भांडवल यांच्या प्रमाणावर ते ठरते. आपल्याकडे जमिनीच्या मानाने माणसे फार आणि भांडवल तुटपुंजे. हात रिकामे राहतात, तोंडे मात्र खात राहतात, त्यामुळे शिल्लक उरत नाही आणि शिल्लक नाही म्हणून भांडवल साठत नाही. या कोंडीतून सुटण्याचा उपाय म्हणून त्यांनी औद्योगिकीकरण सुचवले. या निदानाचा प्रतिवाद आजही करता येत नाही. २०१५-१६ च्या कृषिगणनेप्रमाणे देशातले सरासरी वहितीचे क्षेत्र १.०८ हेक्टर आणि महाराष्ट्रातले १.३४ हेक्टर होते, आणि देशातले ८६ टक्के खातेदार अल्प किंवा अत्यल्प भूधारक होते. निम्मी माणसे शेतात ठेवून श्रीमंत झालेला एकही देश जगात नाही. शेतीच्या बाजूने बोलणाऱ्यांनी हे मोकळेपणाने मान्य केल्याशिवाय पुढे बोलण्याचा अधिकार त्यांना मिळत नाही, असे मी मानतो.

पण निदान मान्य केल्यावर खरा प्रश्न सुरू होतो. कारखान्यातल्या कामगाराच्या ताटात भाकरी कुठून येणार? कारखान्याचा माल विकत कोण घेणार? आणि शेतीतून निघालेला माणूस कोणत्या ताकदीवर शहरात उभा राहणार? स्वतः बाबासाहेबांनी हे प्रश्न दुर्लक्षिले नव्हते. १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री असताना दामोदर आणि महानदीच्या खोऱ्यांतील योजनांसाठी त्यांनी जे परिश्रम घेतले, त्यांत पूरनियंत्रण, वीज आणि शेतीचे पाणी यांचा विचार एकत्रच केलेला होता. उद्योगाची वीज आणि शेताचे पाणी एकाच धरणातून येते, हे त्यांना दिसत होते.

स्वतंत्र भारताच्या दुसऱ्या पंचवार्षिक योजनेने हा समतोल सोडला. १९५६ ते १९६१ च्या त्या योजनेत पोलाद, यंत्रे आणि अवजड उद्योग यांना अग्रक्रम मिळाला. शेतीत फारशी गुंतवणूक न करता धान्य वाढेल अशी आशा होती, आणि जे कमी पडेल ते १९५६ पासूनच पीएल-४८० या अन्नमदतीच्या कराराखाली अमेरिकेतून येऊ लागले होते. योजनाकारांच्या हेतूविषयी मला शंका नाही. वसाहतीच्या तडाख्यातून बाहेर पडलेल्या देशाला स्वतःचे पोलाद हवे होते आणि ते योग्यच होते. पण १९६५ आणि १९६६ या दोन वर्षी लागोपाठ पाऊस हुकला. गव्हाचे उत्पादन १९६४-६५ मधल्या १ कोटी २३ लाख टनांवरून पुढच्याच वर्षी १ कोटी ४ लाख टनांवर घसरले. १९६६ साली सुमारे एक कोटी टन धान्य परदेशातून आणावे लागले आणि प्रत्येक जहाजासाठी वॉशिंग्टनच्या मर्जीकडे पाहण्याची वेळ आली. त्याच वर्षी जूनमध्ये रुपयाचे अवमूल्यन होऊन डॉलर ४ रुपये ७६ पैशांवरून ७ रुपये ५० पैशांवर गेला. चौथी पंचवार्षिक योजना तीन वर्षे पुढे ढकलली गेली. सरकारी गुंतवणूक आटली आणि जे कारखाने उभारण्यासाठी शेती मागे ठेवली होती, त्याच कारखान्यांना मागणीचा तुटवडा भासू लागला.

यामागचे गणित गुंतागुंतीचे नाही. गरीब माणसाच्या मिळकतीतला सर्वांत मोठा हिस्सा पोटावर खर्च होतो. धान्य महागले की मजुराला तीच मजुरी पुरत नाही; मजुरी वाढवली तर कारखान्याचा माल महागतो, न वाढवली तर मजूर अर्धपोटी राहतो आणि कापड, भांडी, सायकल घेणे थांबवतो. म्हणजे शेती थांबली की उद्योग खर्चाच्या बाजूनेही अडतो आणि विक्रीच्या बाजूनेही. तेव्हाचे अन्नमंत्री चिदंबरम सुब्रमण्यम यांनी १९६६ साली मेक्सिकोतून १८ हजार टन गव्हाचे बियाणे आणले, त्याला खत, पाणी आणि खात्रीच्या खरेदीची जोड दिली, आणि १९६७-६८ मध्ये गव्हाचे उत्पादन १ कोटी ६५ लाख टनांवर पोचले. हरितक्रांतीने पंजाबचे भूजल उपसले, पिकांची विविधता घालवली, हे सर्व खरे आहे आणि त्याची किंमत तिथला शेतकरी आज मोजतो आहे. तरीही धान्याच्या त्या वाढीशिवाय नंतरच्या कोणत्याही औद्योगिक वाढीची कल्पना मला करता येत नाही.

याच्या उलट क्रमाने गेलेला देश म्हणजे चीन. आज चीनचे नाव निघाले की आपल्या डोळ्यांसमोर शेन्झेनचे कारखाने येतात, पण सुरुवात तिथे झाली नव्हती. १९७८ च्या डिसेंबरात आन्हुई प्रांतातल्या शिआओगांग या उपासमारीने गांजलेल्या गावातल्या अठरा शेतकऱ्यांनी सामुदायिक शेती घराघरांत वाटून घेण्याचा गुप्त करार केला. सरकारचा ठरलेला हिस्सा भरल्यावर उरलेले पीक आपले, एवढाच त्याचा आशय होता. पुढच्या काही वर्षांत सरकारनेच ही पद्धत देशभर मान्य केली, धान्याचे खरेदीदर वाढवले, आणि १९७८ मध्ये सुमारे ३० कोटी टन असलेले धान्योत्पादन १९८४ मध्ये ४० कोटी टनांपलीकडे गेले. शेतकऱ्याच्या हाती पैसा आला, घरातले दोन हात मोकळे झाले, आणि त्या पैशातून व त्या हातांतून गावोगावचे छोटे कारखाने वाढले. चिनी गरिबीतली सर्वांत वेगवान घट याच सुरुवातीच्या वर्षांत झाली. चीनच्या अनुभवाचा अभ्यास करणाऱ्या अर्थतज्ज्ञांनी शेतीतल्या वाढीचा गरिबीवरचा परिणाम उद्योग आणि सेवा यांच्यातल्या वाढीच्या सुमारे चौपट मोजला आहे. जागतिक बँकेने २००८ च्या विकास अहवालात अनेक देशांची तुलना केली, तेव्हाही शेतीतून आलेली उत्पन्नवाढ गरिबी हटवण्यात इतर क्षेत्रांतल्या वाढीपेक्षा किमान दुप्पट परिणामकारक ठरली.

चीनचा दाखला देताना एक गोष्ट लपवता कामा नये. तिथे जमीन माणशी जवळपास सारखी वाटली गेली होती. तैवान आणि दक्षिण कोरियातही औद्योगिक भरारीच्या आधी जमिनीचे फेरवाटप झाले होते. आपल्याकडे कूळकायद्याने १ एप्रिल १९५७ रोजी कुळांना जमिनीचे मालक मानले, ही लहान गोष्ट नव्हती. पण ज्यांच्या नावावर कूळ म्हणूनही नोंद नव्हती, त्या भूमिहीनांना, ज्यांत दलित आणि आदिवासी मोठ्या संख्येने होते, त्या कायद्याने काहीच दिले नाही. म्हणून शेती वाढली की फायदा बागायतदाराचा, मजुराच्या वाट्याला काय, हा आक्षेप गंभीरपणे घ्यावा लागतो. पश्चिम महाराष्ट्रातल्या सहकारी साखर कारखानदारीने प्रवरानगरपासून पुढे अनेक गावांचे रूप पालटले, शाळा, महाविद्यालये, दवाखाने उभे केले. आणि त्याच उसाच्या फडात बीड जिल्ह्यातले मजूर मुकादमाकडून उचल घेऊन, लेकराबाळांसह पाचटाच्या कोपीत हंगाम काढतात. हे दोन्ही एकाच शेतीचे चित्र आहे.

तरीही या आक्षेपातून शेतीकडे पाठ फिरवावी असा निष्कर्ष निघत नाही. मजुराची मजुरी ठरते ती त्याच्या कामाला गावात किती मागणी आहे यावर. कोरडवाहू जमिनीत खरीप संपला की काम संपते. तिथे पाणी पोचून रब्बीचे पीक उभे राहिले, भाजीपाला किंवा फळबाग आली, की त्याच एकरावर मजुरीचे दिवस वाढतात आणि दर ठरवताना मजुराची बाजू थोडी भक्कम होते. अर्थतज्ज्ञ मॉण्टेकसिंग अहलुवालिया यांनी १९७८ साली दाखवले होते की भारतात शेतीला बरे दिवस आले की ग्रामीण गरिबी घटते आणि शेती रुतली की ती वाढते. शेतीच्या व्याख्येत आपण दूध धरत नाही, हीही एक चूक आहे. १९७० साली दुधाचा महापूर योजना सुरू झाली तेव्हा देशात वर्षाला दोन कोटी टनांच्या आसपास दूध निघत होते. आज ते २३ कोटी टनांच्या वर गेले आहे. यातले पुष्कळ दूध एक-दोन जनावरे असलेल्या घरांतून येते, आणि दर दहा दिवसांनी दूध संस्थेतून येणारा पैसा अनेक घरांत बाईच्या हातात पडणारी पहिली नियमित मिळकत ठरला आहे. उसाच्या बाबतीत दोष पाणीवाटपाचा आहे. राज्यातल्या जेमतेम पाचव्या हिश्श्याच्या शेतीला सिंचन मिळत असताना त्या पाण्याचा फार मोठा भाग एकाच पिकाने प्यावा, हे धोरण बदलायला हवे. पाणी जितक्या जास्त शेतांत पोचेल तितकी शेतीची वाढ गरिबाच्या जवळ जाईल.

आता सर्वांत अवघड आक्षेप. १९९१ पूर्वीच्या भारतात ग्रामीण वाढच गरिबी कमी करत होती, शहरी वाढीचा खेड्यातल्या गरिबाला फारसा उपयोग नव्हता, असे गौरव दत्त आणि मार्टिन रॅव्हेलियन यांनी मोजून दाखवले. पण याच संशोधकांच्या नंतरच्या कामात चित्र पालटलेले दिसते: १९९१ नंतर गरिबी अधिक वेगाने घटली आणि त्यात शहरी वाढीचा, सेवांचा आणि बांधकामाचा वाटा मोठा झाला. म्हणजे शेतीचे दिवस संपले का? खेड्यातला तरुण पुण्याला चौकीदार किंवा सुरतेला बांधकाम मजूर झाला आणि त्याच्या पैशाने गावातले घर चालले, हे प्रत्येक गावात दिसते. ते नाकारण्यात अर्थ नाही. २०१८-१९ च्या राष्ट्रीय नमुना पाहणीत शेतकरी कुटुंबाची महिन्याची सरासरी मिळकत १०,२१८ रुपये होती. त्यात मजुरी आणि पगार यांचे ४,०६३ रुपये होते आणि पिकांचे ३,७९८. शेतकरी म्हणवणारे कुटुंब पिकापेक्षा मजुरीवर अधिक जगते, याहून स्पष्ट पुरावा विरोधी बाजूला कोणता हवा?

मी मात्र हाच आकडा उलट बाजूने वाचतो. या कुटुंबाने शेती सोडलेली नाही आणि शेतीने त्याला जगवलेले नाही. ते मधल्या मध्ये लोंबकळते आहे. शेतीतून बाहेर पडण्याचे दोन प्रकार असतात. घरात थोडी शिल्लक आहे, मुलगा आयटीआय किंवा परिचारिकेचा अभ्यासक्रम पुरा करतो, काम मिळेपर्यंत चार महिने थांबू शकतो, आणि मग जातो. हा एक प्रकार. विहीर आटली, उचल फेडायची आहे, म्हणून दसरा-दिवाळी उरकून कोयता उचलायचा आणि मुलाची शाळा मध्येच तोडायची, हा दुसरा. सरकारी पाहणीत दोघेही स्थलांतरितच. पण पहिला पुन्हा मागे येत नाही आणि दुसऱ्याला दर वर्षी परत यावे लागते. १९८२ च्या संपात मुंबईतले सुमारे अडीच लाख गिरणी कामगार बाहेर पडले, तेव्हा कोकणातल्या आणि घाटावरच्या गावांतल्या भाताच्या खाचराने आणि ज्वारीच्या पट्टीने त्यांतल्या कित्येकांना तगवले. २०२० साली टाळेबंदीत हाच प्रकार देशव्यापी झाला. लोक शेकडो मैल चालत गावी गेले, आणि कामकरी लोकांतला शेतीचा वाटा, जो २०१८-१९ मध्ये ४२.५ टक्क्यांवर आला होता, तो २०१९-२० मध्ये ४५.६ टक्क्यांवर गेला आणि नंतर २०२३-२४ मध्येही ४६ टक्क्यांच्या जवळपासच राहिला. शहराने त्यांना कामावर ठेवले होते, सामावून घेतले नव्हते. अशा वेळी देशाचा विमा म्हणून जी शेती उभी राहते, तिचा हप्ता कोणी भरायचा?

बाहेरच्या रोजगाराची पहिली पायरीदेखील पुष्कळदा शेतीच तयार करते. मराठवाड्यातल्या तालुक्याच्या गावी सोयाबीनचे पैसे हाती आल्यावरच्या आठवड्यात जाऊन पाहावे. मोंढ्यातले हमाल, आडते, टेम्पोवाले यांच्या पलीकडे सिमेंट-सळईचे दुकान, मोटारसायकलची एजन्सी, शिंपी, गवंडी, खाजगी शिकवणीवाला या सगळ्यांचा हंगाम तेव्हाच सुरू होतो. भाव पडलेल्या किंवा अतिवृष्टीने शेंगा कुजलेल्या वर्षी हीच दुकाने दुपारी अर्धी झाकलेली असतात. शेतकऱ्याच्या खर्चाचा मोठा भाग जवळच्याच बाजारात फिरतो आणि तिथे शेतीबाहेरची कामे उभी करतो.

म्हणूनच शेतमालाचे भाव सरकारी आदेशाने पाडणे हे मला सर्वांत आत्मघातकी वाटते. शेतकरी संघटनेचे नेते शरद जोशी यांनी १९८० साली चाकणच्या कांदा आंदोलनापासून हेच मांडले होते की शेतकऱ्याची गरिबी आळसातून आलेली नसून धोरणातून आली आहे. त्यावर एक प्रामाणिक आक्षेप आहे आणि तो टाळता येणार नाही: भूमिहीन मजूर आणि अल्पभूधारक हेदेखील धान्य आणि कांदा विकतच घेतात, भाव वाढले तर आधी त्यांचेच पोट कापले जाते. म्हणून केवळ भाववाढीवर शेतीची उभारणी होऊ शकत नाही. एकरी उत्पादन वाढून किलोमागचा खर्च उतरला, तरच पिकवणारा आणि खाणारा दोघेही तगतात. पण उत्पादन वाढवायला शेतकऱ्याने पैसा घालावा लागतो, आणि भावाचा भरवसा नसेल तर तो घालणार नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये कांद्याच्या निर्यातीवर ४० टक्के शुल्क बसले, ८ डिसेंबरला निर्यातबंदी आली आणि ती उठली थेट मे २०२४ मध्ये. गरिबाला स्वस्त अन्न देण्याचे काम रेशन दुकानातून सरकारी तिजोरीने करावे; तो भार लासलगावच्या लिलावात ट्रॅक्टर घेऊन उभ्या असलेल्या माणसावर टाकू नये. पुढच्या हंगामासाठी कांदा साठवायची चाळ बांधायला किंवा ठिबक घालायला काढलेले पैसे त्याने कोणत्या विश्वासावर गुंतवावेत?

खर्चाच्या प्रश्नावर आपली चर्चा तर फारच उथळ आहे. कर्जमाफी द्यावी की नाही, एवढ्यावरच ती थांबते. २००८, २०१७ आणि २०१९ अशा तीन मोठ्या कर्जमाफ्या महाराष्ट्राने पाहिल्या. गळ्याशी आलेल्या माणसाला त्यांनी श्वास घेऊ दिला, आणि मी त्यांची टवाळी करणार नाही; पण त्यांनी एकाही शेताचे उत्पादन वाढले नाही. शेंगन फॅन, पीटर हेझेल आणि अमरावती जिल्ह्यातून पुढे आलेले अर्थशास्त्रज्ञ सुखदेव थोरात यांनी भारतातल्या सरकारी खर्चाचा रुपयागणिक हिशेब मांडला, तेव्हा गरिबी कमी करण्यात ग्रामीण रस्ते पहिले आणि शेती संशोधन दुसरे आले. उत्पादकतेत संशोधन पहिले आणि रस्ते दुसरे. पाणंद रस्त्याला चिखल झाला म्हणून टोमॅटो शेतातच सडताना ज्याने पाहिला आहे, त्याला या निष्कर्षाचे आश्चर्य वाटणार नाही. कृषी विद्यापीठांतल्या रिकाम्या जागा, गावात न फिरकणारा कृषी सहायक, रात्री-अपरात्री येणारी कृषिपंपाची वीज यांवर निवडणुका लढवल्या जात नाहीत, कारण त्यांची फळे पाच वर्षांत दिसत नाहीत.

ती दिसायला किती वेळ लागतो आणि तो पैसा कुठून येऊ शकतो, याचे उत्तर महाराष्ट्रात आहे. १९७२ च्या दुष्काळात मे १९७३ पर्यंत सुमारे पन्नास लाख माणसे सरकारी कामांवर होती. विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे यांनी सांगली जिल्ह्यातल्या विसापुरात आधीच करून पाहिलेल्या प्रयोगातून रोजगार हमी योजना उभी राहिली, तिचा कायदा १९७७ साली झाला, आणि तिच्यासाठी शहरातल्या नोकरदारांच्या पगारातून व्यवसाय कर घेतला जाऊ लागला. योजनेत भ्रष्टाचार झाला, खडी फोडण्याची पुष्कळ कामे वाया गेली, बांध वाहून गेले. पण जिथे गावाने कामे नीट आखली तिथे त्याच पैशातून माथ्यापासून पायथ्यापर्यंत चर, नालाबांध आणि पाझर तलाव झाले. नगर जिल्ह्यातल्या पर्जन्यछायेतल्या हिवरे बाजारने १९९० नंतर रोजगार हमी आणि आदर्श गाव योजना यांची सांगड घालून ही कामे केली, उसावर आणि शेतीसाठीच्या कूपनलिकांवर बंदी घातली आणि दर वर्षीच्या पावसाचा ताळेबंद मांडून पिके ठरवली. असे नेतृत्व प्रत्येक गावाला मिळत नाही, हे कबूल. म्हणूनच ते काम यंत्रणेने करायचे असते. त्या गावातून मुंबई-पुण्याला मजुरीसाठी गेलेली कुटुंबे परत आली, विहिरींना पाणी आले, गोठ्यांत जनावरे वाढली, आणि त्याच घरांतली मुले पुढे शिकून आपल्या मर्जीने बाहेर पडू लागली. त्या माथ्यावरच्या चरांत मुंबईच्या एखाद्या कारकुनाच्या पगारातून कापलेला व्यवसाय करही मुरलेला आहे.